वाचकांचे प्रश्न : कासच्या सड्यावरची पांढरी आमरी

प्रश्न : मी साताऱ्यात राहणारी निवृत्त शिक्षिका असून गेली काही वर्षे पावसाळ्यात कास पठारावर आणि ठोसेघर-चाळकेवाडीच्या बाजूला फुले पाहायला जाते. गेल्या सप्टेंबरात रस्त्याच्या कडेला, पाणी झिरपत असलेल्या जागी, मला एक पांढरी आमरी, म्हणजे ऑर्किड, दिसली. कातळावरच्या बोटभर मातीत उगवलेली तिची झाडे वीतभरही उंच नव्हती आणि त्यांना पाच-सहाच फुले होती. तिथून वीस पावलांवर, गवताने भरलेल्या ओल्या खोलगटात मात्र तसल्याच फुलांची झाडे दीड वीत वाढलेली होती आणि फुलोराही भरगच्च होता. आमच्या गटातील एकाने दोन्हींना टूथब्रश ऑर्किड म्हटले, दुसऱ्याच्या मते त्या एकाच आमरीच्या दोन वेगळ्या व्हरायटी होत्या, तर मोबाइलवरच्या ॲपने प्लॅटँथेरा हे तिसरेच नाव दाखवले. सात छायाचित्रे सोबत जोडली आहेत. ही आमरी नेमकी कोणती, आणि जात कुठे संपते व प्रकार कुठे सुरू होतो, हे आमच्यासारख्यांनी कसे ठरवावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या सात छायाचित्रांपैकी पाच फार सुंदर आहेत आणि ओळख पटवण्याच्या कामी जवळजवळ निरुपयोगी आहेत, हे आधीच सांगून टाकतो. त्यांत फूल समोरून, अगदी जवळून आणि मागचे सगळे धूसर करून टिपले आहे. पाने नाहीत, खोड नाही, फुलाची मागची बाजू नाही. उरलेल्या दोनांपैकी एक थोडे हललेले आहे, पण त्यात अख्खे झाड बाजूने दिसते, आणि माझा निर्णय मुख्यतः त्याच एका छायाचित्रावर उभा आहे. दोन्ही ठिकाणची झाडे हॅबेनारिया हेनियाना या एकाच जातीची आहेत. टूथब्रश ऑर्किड हे तिचेच बोलीतले नाव असल्यामुळे आपल्या गटातील पहिले सदस्य बरोबर ठरतात.

हे नाव तिला ज्या खुणेवरून पडले ती खूण लांबूनही दिसते. फुलोऱ्यातील सगळी फुले एकाच बाजूला तोंड करून ओळीने बसतात आणि दांडीची दुसरी बाजू मोकळी राहते, त्यामुळे झाड दात घासण्याच्या ब्रशासारखे भासते. परंतु केवळ या एका खुणेवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण नुकत्याच उमलू लागलेल्या फुलोऱ्यात ती पुरेशी स्पष्ट नसते आणि पाच-सहा फुलांच्या खुज्या झाडात तर ती सहज निसटते. आपल्या गटात मतभेद झाला तो बहुधा याच कारणाने. म्हणून दुसरी खूण पानांची पाहावी. हेनियानाची पाने भाल्याच्या पात्यासारखी निमुळती असतात, ती खोडावर एकावर एक चढत जातात आणि त्यांचे तळ खोडाला वेढून एकमेकांना झाकतात. जमिनीला चिकटलेला पानांचा चक्राकार झुबका तिला नसतो. आपल्या हललेल्या छायाचित्रात कातळावरच्या खुज्या झाडाचीही पाने नेमकी अशीच आहेत.

तिसरी खूण फुलाच्या आत आहे, आणि तिच्यासाठी आमरीच्या फुलाची रचना थोडी समजून घ्यावी लागते. आमरीच्या तीन पाकळ्यांपैकी एक नेहमी बाकीच्या दोघींहून वेगळी असते. तिला ओष्ठ म्हणतात. पुंकेसर आणि स्त्रीकेसर इतर फुलांत सुटे असतात, ते आमरीत एकत्र जुळून एक आखूड स्तंभ बनतो. परागकण पिठासारखे मोकळे न राहता त्यांचे पुंज होतात. हॅबेनारियाच्या बहुतेक जातींत ओष्ठाला तीन पाळ्या असतात आणि त्याच्या बुडातून मागे एक पोकळ नळी निघते, जिच्यात मध साठतो. शास्त्रीय मराठीत तिला शुंडिका म्हणतात. आमच्याबरोबर फिरणारी मुले तिला सरळ शेपटी म्हणतात आणि माझी त्याला हरकत नाही. फुलाच्या मागे जो देठासारखा हिरवा भाग दिसतो तो पुष्कळदा देठ नसून अंडाशय असतो, आणि तो पिळवटलेला असतो, कारण कळी उमलताना फूल साधारण १८० अंशांत फिरते आणि मुळात वरच्या बाजूला असलेला ओष्ठ खाली येतो. शुंडिका मोजायची ती या अंडाशयाच्या तुलनेत. हेनियानात ती अंडाशयाइतकी किंवा त्याहून आखूड भरते, आणि ओष्ठाच्या तिन्ही पाळ्या अरुंद, पट्टीसारख्या असतात. समोरून काढलेल्या छायाचित्रात शुंडिका फुलाआड लपते. आपली पाच छायाचित्रे बाजूला ठेवावी लागली ती यामुळे.

प्रजातीचे, म्हणजे अनेक जातींना पोटात घेणाऱ्या हॅबेनारिया या गटाचे, नावही पट्टीवरूनच आले आहे. लॅटिनमध्ये हॅबेना म्हणजे चामड्याची वादी किंवा लगाम. विल्डेनो या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०५ साली ही प्रजाती स्थापली, तेव्हा अनेक जातींच्या लांबट पाळ्या त्याला तशा भासल्या असाव्यात. आज जगभरात या प्रजातीच्या सुमारे ८०० जाती मानल्या जातात. हेनियाना हे नाव दक्षिण भारतात वनस्पती गोळा करणाऱ्या बेंजामिन हायने यांच्यावरून जॉन लिंडली यांनी ठेवले, आणि ही जात भारताच्या द्वीपकल्पापुरतीच मर्यादित आहे.

आता हिच्याशी गल्लत होऊ शकेल अशा, त्याच परिसरातल्या इतर जातींकडे वळू. त्यांची सगळी यादी देण्याऐवजी मी ऋतूचा क्रम धरतो, कारण सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावर, महिना हीच अर्धी ओळख असते. पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी पांढरी आमरी दिसते ती बहुधा हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. तिला जमिनीला अगदी चिकटलेले एकच गोल, हृदयाकृती पान असते, क्वचित दोन, आणि त्या पानाच्या मधून निघालेल्या दांडीवर एक ते तीन-चार फुले येतात. पान पाहिले की शंका उरत नाही. मात्र पुष्कळ छायाचित्रकार गवतात दडलेले ते पान पाहतच नाहीत. आपण सप्टेंबरात गेलात तेव्हा तिचा बहर सरलेला असणार. तिच्या त्या लांबलचक नावामागे एक छोटी गोष्ट आहे. आधी तिला ग्रँडिफ्लोरा, म्हणजे मोठ्या फुलांची, असे सुटसुटीत नाव दिले गेले होते, पण ते नाव दुसऱ्या जातीसाठी वापरले गेलेले असल्याने वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅटर आणि मॅकॅन यांना ‘मोठ्या फुलांच्या जातीसारखी दिसणारी’ अशा अर्थाचे नवे नाव घडवावे लागले. विद्यार्थ्यांची जीभ अडखळते ती या नियमापायी.

ऑगस्ट-सप्टेंबरात उंच गवतातून डोके वर काढणारी हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा ही दुसरी. नावाचा अर्थच लांब शिंगाची असा आहे, आणि तिची शुंडिका पुष्कळदा दहा सेंटिमीटरांच्या पुढे जाते, म्हणजे फुलापेक्षा कितीतरी लांब हिरवट दोरा खाली लोंबत असतो. ओष्ठाच्या बाजूच्या पाळ्या हेनियानासारख्या पट्टीदार नसून चांगल्या रुंद असतात. ग्रॅहम यांनी १८३९ साली मुंबई परिसरातील वनस्पतींच्या सूचीत तिची नोंद केली होती. एवढ्या खोल नळीच्या तळाशी असलेला मध सामान्य मधमाशीच्या आवाक्यातला नसतो; पांढरा रंग आणि लांब शुंडिका अशी ठेवण असलेल्या फुलांकडे सहसा रात्री उडणारे, लांब सोंडेचे पतंग येतात. मादागास्करमधल्या एका आमरीची सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची शुंडिका पाहून डार्विन यांनी १८६२ साली तितक्याच सोंडेचा पतंग असला पाहिजे असे म्हटले होते, आणि तसा पतंग १९०३ साली शास्त्राच्या नोंदीत आला. आपल्या सड्यावरच्या पांढऱ्या आमऱ्यांकडे मात्र अंधार पडल्यावर कोण येते हे पाहण्यासाठी थांबणारे फार थोडे आहेत.

ओल्या, शेवाळलेल्या कड्यांवर आणि उभ्या कातळाच्या भेगांत बसणारी ठेंगणी हॅबेनारिया रॅरिफ्लोरा ही तिसरी. तिला एक-दोन किंवा तीनच पांढरी फुले येतात, पाने बुडाशी असतात आणि शुंडिका अंडाशयाहून लांब असते. आपल्या कातळावरच्या खुज्या झाडांबाबत मला क्षणभर हिचीच शंका आली होती, परंतु पानांनी ती दूर केली. हॅबेनारिया मार्जिनाटाशी गोंधळ होण्याचे कारण नाही, कारण तिची फुले पिवळी असतात आणि जमिनीलगतच्या पानांना फिकट पिवळी किनार असते. पेक्टेलिस जायगँशिया ही तर सगळ्यांत थोराड. तिची फुले मोठी व सुवासिक असून ओष्ठाच्या बाजूच्या पाळ्या झालरीसारख्या चिरलेल्या असतात. उलट पेरिस्टायलस प्रजातीची फुले इतकी बारीक आणि हिरवट-पांढरी असतात की गवताची कणसे समजून माणूस पुढे जातो. तिची शुंडिका आखूड, पुष्कळदा गोल पिशवीसारखी असते. आणि ज्या पांढऱ्या फुलाला सहा सारख्याच पाकळ्या दिसतील, त्याला आमरी समजू नये. ती बहुधा फोडशी किंवा मुसळीच्या गोतातली असते.

ॲपने दाखवलेले प्लॅटँथेरा हे नाव चुकीचे असले तरी अगदीच भरकटलेले नाही. प्लॅटँथेरा ही हॅबेनारियाची जवळची नातलग असून तिच्या अनेक जाती पूर्वी हॅबेनारियातच गणल्या जात. दोघींतला फरक स्तंभात असतो. हॅबेनारियात परागकण स्वीकारणाऱ्या दोन कुक्षी देठावर बसल्यासारख्या पुढे आलेल्या असतात, तर प्लॅटँथेरात कुक्षी सपाट किंवा खोलगट असते आणि पुढे येत नाही. दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगाने हे पाहता येते, मोबाइलच्या छायाचित्रात ते उतरत नाही, आणि छायाचित्रात नसलेली खूण ॲपला कुठून कळणार?

आता जात आणि प्रकार यांचा प्रश्न. इथे ‘व्हरायटी’ या शब्दानेच अर्धा घोळ घातला आहे. आपल्याकडे शेतकरी व्हरायटी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वाण असतो : उसाचा को ८६०३२, ज्वारीची मालदांडी. हे माणसाने निवडलेले आणि जोपासलेले वाण आहेत. वनस्पतिशास्त्रात रानटी झाडाचा ‘प्रकार’ ही वेगळी पायरी आहे. कुलाच्या पोटात प्रजाती, प्रजातीच्या पोटात जाती आणि जातीच्या पोटात उपजाती व प्रकार अशी ती उतरंड आहे. प्रकार ठरण्यासाठी झाडे वेगळी दिसतात एवढे पुरत नाही. तो फरक पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा असावा लागतो, अनेक झाडांत सातत्याने आढळावा लागतो, त्याचे वर्णन रीतसर प्रसिद्ध व्हावे लागते आणि ज्या नमुन्यावर ते वर्णन आधारले आहे तो वाळवलेला नमुना एखाद्या वनस्पतिसंग्रहात जपून ठेवलेला असावा लागतो.

आपल्या दोन ठिकाणच्या झाडांत फरक आहे तो उंचीचा आणि फुलांच्या संख्येचा, आणि या दोन्ही गोष्टी मातीच्या हातात असतात. कासचा सडा म्हणजे सुमारे १,२०० मीटर उंचीवरचा जांभ्या दगडाचा सपाट माथा. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर, तर कुठे नुसता उघडा कातळ. पावसाळ्यात पाणी दगडात मुरायला वाव नसल्याने ते उथळ थरातून झिरपत राहते आणि जागोजागी छोट्या दलदली तयार होतात. पाऊस ओसरला की हाच माथा काही आठवड्यांत करकरीत कोरडा होतो. आमरी ही सगळी वर्षे जमिनीखालच्या कंदावर काढते. खोलगटातल्या कंदाला माती आणि ओल जास्त दिवस मिळते, म्हणून तो दरवर्षी थोडा अधिक भरतो आणि झाड उंच येते. कातळावरच्या कंदाला पाणी आधी संपते, म्हणून तो पाच फुलांवर भागवतो. उसाचा एकच वाण मुरमाड रानात खुरटतो आणि मळीच्या काळ्या रानात डोक्यावर जातो, तेव्हा कोणताही शेतकरी त्याला दोन वाण म्हणत नाही. आमरीच्या बाबतीत मात्र आपण फार लवकर म्हणतो. मला वाटते, दुर्मिळ काही सापडल्याचा आनंद यात डोकावतो.

याचा अर्थ हॅबेनारियात खरे प्रकार नसतात असा नाही. सह्याद्रीतल्या हिरव्या फुलांच्या एका जातीचे उदाहरण बोलके आहे. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन यांच्या नावाने हुकर यांनी एका आमरीला हॅबेनारिया गिब्सोनी म्हटले होते. पुढे फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी दाट पानांच्या फोलिओसा या आमरीला गिब्सोनीचाच एक प्रकार मानले. तथापि फोलिओसा हे नाव रिशार यांनी १८४१ सालीच दिलेले होते, आणि नामकरणाच्या नियमांत आधीच्या नावाला मान असल्याने नंतर क्रम उलटला : फोलिओसा ही जात झाली आणि गिब्सोनी तिचा प्रकार. याच गटात ब्लॅटर आणि मॅकॅन यांनी वर्णन केलेला फोएटिडा नावाचा प्रकारही आहे. नावाचा अर्थ दुर्गंधी. म्हणजे झाड जागचे हलले नाही, त्याच्या पाट्या मात्र तीनदा बदलल्या. जुन्या आणि नव्या यादीत एकाच आमरीची दोन नावे दिसली तर म्हणून गोंधळून जाऊ नये. त्यामागे बहुतेक वेळा असाच एखादा हिशेब असतो.

पुढच्या सप्टेंबरात पुन्हा जाल तेव्हा प्रत्येक झाडाची चार छायाचित्रे घ्यावीत : अख्खे झाड बाजूने, बुडाची पाने वरून, एक फूल समोरून, आणि तेच फूल बाजूने, शुंडिका व अंडाशय दोन्ही दिसतील असे. फुलाजवळ एखादे नाणे किंवा सहा इंची पट्टी धरली तर मापाचा प्रश्नच सुटतो. फूल खुडू नये. त्याहीपेक्षा, छायाचित्रासाठी ओल्या जागेत आडवे पडू नये. ज्या चिखलात आपण कोपर टेकतो त्यात सीतेची आसवं, गेंद आणि दवबिंदू उभे असतात, आणि एका माणसाच्या अंगाखाली त्यांची शंभर रोपे सहज जातात. मी स्वतः तरुणपणी हे केलेले आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. दोन्ही जागांची नोंद तारखेसह वहीत ठेवावी आणि तीच झाडे तीन-चार वर्षे पाहावीत. खोलगटातले झाड एखाद्या कमी पावसाच्या वर्षी खुजे राहिले, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा त्या झाडानेच अधिक चांगले दिलेले असेल.

प्रश्न : सांगलीत कृष्णाकाठापासून जवळच आमचे घर आहे. अंगणातल्या हिरवळीत जानेवारीत बोटभर उंचीची, तांबूस खोडाची काही रोपे उगवली आणि त्यांना पांढरी, मधोमध पिवळी अशी बारीक फुले आली. शेजारच्या काकांनी ते तण म्हणून उपटायला सांगितले. माझी मुलगी मात्र ती आमरी आहे असे म्हणते. सांगलीच्या हिरवळीत आमरी कशी येईल? छायाचित्र पाठवत आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीचे बरोबर आहे. ही झ्यूक्साइन स्ट्रॅट्यूमॅटिका नावाची आमरी असून ओलसर गवत, भातखाचरांचे बांध, कालव्यांच्या कडा आणि पाणी दिलेली हिरवळ या तिच्या आवडत्या जागा आहेत. सड्यावरची हॅबेनारिया पावसाळ्यात फुलते, तर ही थंडीत. हिला लांब शुंडिका नसते, ओष्ठाच्या बुडाशी फक्त एक छोटी पिशवी असते. फुले पांढरी आणि ओष्ठ पिवळा असतो. गोल कंदाऐवजी हिचे मांसल खोड जमिनीलगत सरपटते आणि मग उभे राहते. पाने गवतासारखी अरुंद असल्याने फूल येईपर्यंत ती गवतातच मिसळून गेलेली असते.

आपल्या छायाचित्रातील उन्हातली रोपे तांबूस-जांभळट आणि भिंतीच्या सावलीतली हिरवीगार आहेत, तेव्हा या दोन वेगळ्या जाती आहेत का असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. तसे नाही. ऊन जास्त मिळाले की हिच्या अंगावर तांबूस छटा चढते, सावलीत ती हिरवी राहते. साताऱ्याच्या वाचकांना वर जे सांगितले तेच इथे लागू पडते, फक्त मातीच्या जागी ऊन घ्यायचे.

ती आली कुठून, या प्रश्नाचे उत्तर बियांमध्ये आहे. आमरीचे बी धुळीच्या कणासारखे असते. वाऱ्याने, पाण्याने किंवा हिरवळीसाठी आणलेल्या मातीतून ते कुठेही पोहोचते. झ्यूक्साइन या बाबतीत विशेष पटाईत आहे. अफगाणिस्तानापासून जपानपर्यंत ती पसरलेली आहेच, शिवाय १९३६ साली ती अमेरिकेतल्या फ्लोरिडात सापडली आणि तिथल्या हिरवळींत आता ती घरच्यासारखी वावरते. परागीभवन न होताही ती बी धरू शकते, हे यामागचे एक कारण मानले जाते. लिनियसने १७५३ साली श्रीलंकेतल्या नमुन्यावरून तिचे वर्णन केले तेव्हा तिला ऑर्किस या प्रजातीत ठेवले होते.

काकांना एवढेच सांगावे की हे तण गवताला काहीही त्रास देत नाही. बी पडले की रोप स्वतःहून वाळून जाते. जानेवारी-फेब्रुवारीत त्या कोपऱ्यात गवत कापण्याचे यंत्र फिरवू नये आणि तणनाशक मारू नये. पुढच्या वर्षी ती तिथेच येईल असे नाही. एका वर्षी दिसून पुढची दोन वर्षे बेपत्ता राहणे आणि मग अंगणाच्या दुसऱ्याच टोकाला उगवणे ही तिची रीत आहे.

प्रश्न : पाटण तालुक्यात आमच्या स्वतःच्या मालकीच्या पडीक माळावर जूनअखेर एका पानाची पांढरी आमरी बरीच उगवते. जमीन आमचीच असल्याने चार-दोन कंद काढून घरी कुंडीत लावले तर चालेल का, आणि ते जगतील का?
— एक वाचक, पाटण

उत्तर : वर्णनावरून ती हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस दिसते. आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पहिल्याची गरज कमी होईल : बहुधा जगणार नाहीत. आमरीच्या बियांत अंकुराला पोसणारा अन्नसाठा नसतो, त्यामुळे रुजताना तिला जमिनीतल्या विशिष्ट बुरशीची मदत लागते, आणि जमिनीवरच्या आमऱ्यांत हे नाते पुढेही चालू राहते. कुंडीतल्या शेणखत मिसळलेल्या मातीत ती बुरशी टिकेलच असे नाही. दुसरे असे की फुलताना झाडाखाली दोन कंद असतात : एक गेल्या वर्षीचा, जो आता रिकामा होत चालला आहे, आणि दुसरा पुढच्या वर्षासाठी नुकताच भरू लागलेला. फूल दिसते म्हणून आपण नेमके त्याच वेळी खणतो, आणि दोन्ही कंद अर्धवट अवस्थेत हाती येतात. पुष्कळदा वर्षभर कुंडीला पाणी घालून पुढच्या जूनमध्ये काहीच उगवत नाही. उन्हाळ्यात पाणी दिल्याने सुप्त कंद कुजतो, हेही त्याचे एक कारण.

कायद्याविषयी थोडक्यात : कासप्रमाणे राखीव वनात काहीही खणता किंवा खुडता येत नाही. आपली जमीन खासगी असल्याने तो नियम तसाच लागू होत नाही, परंतु संपूर्ण आमरी कुल आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात समाविष्ट आहे, म्हणून कंद विकत मागणारा कोणी दारात आला तर त्याला नकार द्यावा. घरात आमरी हवीच असेल तर रोपवाटिकांत ऊतिसंवर्धनाने वाढवलेली डेंड्रोबियमची संकरित रोपे मिळतात. ती नारळाच्या सोडणात आणि कोळशाच्या तुकड्यांत सहज वाढतात. माळावरच्या आमरीसाठी जून ते ऑगस्ट त्या तुकड्यात नांगर आणि खोरे न घालणे पुरेसे आहे. पाने पिवळी पडून झाड दिसेनासे झाले की ते मेले असे समजू नये. कंद खाली शाबूत असतो, आणि तो नेमका कुठे आहे हे पुढच्या पावसापर्यंत लक्षात राहावे म्हणून शेजारी एखादा दगड मांडून ठेवावा.